धूळ निष्कासन, लाकूडकामातील

लाकूड कापताना, रंधताना, कातताना वा घासताना निघणाऱ्या ढलप्या, भुसा व सूक्ष्म धूलिकण त्यांच्या उगमस्थानीच हवेच्या प्रवाहाने ओढून घेऊन, नळीतून वाहून नेऊन व हवेपासून अलग करून साठविण्याच्या प्रक्रियेला धूळ निष्कासन म्हणतात. या यंत्रणेचे मुख्य भाग पाच आहेत : यंत्राच्या पात्याभोवतीचे आच्छादन व त्याला असलेले धूळमुख, नळी, धूळमुख व नळी यांना जोडणारा जोडतुकडा (व्यवहारात यास अडॅप्टर वा रिड्यूसर म्हणतात), चोषण निर्माण करणारा पंखा आणि धूळ अलग करणारे साधन. ही यंत्रणा प्रथम निर्माण झाली ती कारखान्यातील अडगळ दूर करण्यासाठी. कामगाराच्या श्वसनमार्गाचे रक्षण हा हेतू तिला सु. शंभर वर्षांनी प्राप्त झाला. डोळ्यांना दिसणारा भुसा आणि अपाय करणारी अदृश्य धूळ यांतील हा भेद तिच्या इतिहासाप्रमाणेच नळी व जोडतुकडा यांच्या निवडीतही महत्त्वाचा ठरतो.

इतिहास : हातकरवत, रंधा व पटाशी यांच्या साह्याने होणाऱ्या पारंपरिक सुतारकामात जाड ढलप्या व भरड भुसा निघतो आणि तो लगेच जमिनीवर पडतो. इटालियन वैद्य बेर्नार्दीनो रामात्सीनी (१६३३–१७१४) यांनी १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कारागिरांच्या रोगांवरील ग्रंथात पीठ दळणारे व पाथरवट यांना धुळीमुळे जडणाऱ्या विकारांचे वर्णन आढळते. परंतु लाकडाची धूळ ही दीर्घकाळ निरुपद्रवीच समजली गेली.

यंत्रे आल्यावर ही परिस्थिती पालटली. वर्तुळाकार करवतीचा उल्लेख असलेले एकस्व (पेटंट) सॅम्युएल मिलर यांना इंग्लंडमध्ये १७७७ साली मिळाले. सॅम्युएल बेंथॅम यांनी १७९१ व १७९३ मध्ये रंधण्याच्या व इतर लाकूडकामाच्या यंत्रांची एकस्वे घेतली. त्यानंतर पोर्ट्‌स्मथ येथील नौदलाच्या गोदीत मार्क इझाम्बार्ड ब्रूनेल यांनी अभिकल्पिलेल्या (आराखडा केलेल्या) व हेन्री मॉडस्ली यांनी घडविलेल्या यंत्रांवर जहाजांच्या कप्प्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. अमेरिकेत विल्यम वुडवर्थ यांनी १८२८ मध्ये रंधयंत्राचे एकस्व घेतले. वेगाने फिरणाऱ्या पात्यांमुळे भुशाचे ढीग साचू लागले. ते उपसण्यासाठी माणसे लागत, यंत्रे अडत व आगीचा धोका वाढे.

याच काळात धातूच्या धुळीकडे मात्र रोगाचे कारण म्हणून पाहिले जात होते. इंग्लंडमधील शेफील्ड येथे चाकू-काट्यांना सहाणेवर धार लावणारे कारागीर ऐन उमेदीत फुप्फुसाच्या विकाराने मरत. तेथे धूळ ओढणाऱ्या पंख्यांचा पुरस्कार एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच झाला होता आणि १८६७ च्या कायद्यान्वये अशा ठिकाणी पंखा बसविण्यास भाग पाडण्याचा अधिकार कारखाना निरीक्षकांना मिळाला. लाकूडकामाला ही दृष्टी लागू झाली नाही.

पंख्यांच्या उत्पादनाला औद्योगिक स्वरूप देणाऱ्यांत अमेरिकेतील बेंजामिन फ्रँक्लिन स्टर्टेव्हंट (१८३३–९०) हे प्रमुख होत. मूळचे चर्मकार असलेल्या स्टर्टेव्हंट यांनी प्रथम जोड्यांच्या तळांना लागणाऱ्या लाकडी खुंट्या तयार करण्याचे यंत्र बनविले व १८६० नंतरच्या दशकात धूळ ओढणारे पंखे तयार केले. पंख्याने ओढलेली धूळ हवेपासून अलग कशी करावी हा पुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर चक्रवाती विलगकाने (सायक्लोनने) दिले. १८८५ साली जॉन एम. फिंच यांना अमेरिकेत याचे एकस्व मिळाले. या उभ्या शंक्वाकार पात्रात हवा कडेने स्पर्शरेषेत शिरते व भोवऱ्यासारखी फिरते. केंद्रोत्सारी प्रेरणेमुळे जड कण भिंतीवर आपटून खाली पडतात आणि हलकी झालेली हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. यात हलणारा एकही भाग नसल्याने रंधकामाच्या कारखान्यांच्या छपरांवर असे विलगक लवकरच दिसू लागले. जमा झालेला भुसा अनेक ठिकाणी कारखान्याच्याच बाष्पित्रात (बॉयलरमध्ये) इंधन म्हणून जाळला जाई. पुढे ब्रिटिश अभिकल्पक जेम्स डायसन यांना पिशवीविना चालणाऱ्या घरगुती निर्वात झाडूची कल्पना लाकूड-गिरणीवरील अशाच विलगकावरून सुचली. तिला पूर्णत्व येईपर्यंत त्यांनी ५,१२७ नमुने तयार केले.

परंतु चक्रवाती विलगकात भरड कण अडकतात, सु. १० मायक्रॉनपेक्षा (१ मायक्रॉन म्हणजे मिमी.चा हजारावा भाग) बारीक असलेले पुष्कळसे कण हवेबरोबर निसटतात. जमीन स्वच्छ दिसली की काम झाले, असे मानणाऱ्या काळात ही त्रुटी कोणाला जाणवली नाही.

आरोग्यविषयक शोध : इंग्लंडमधील चिल्टर्न टेकड्यांच्या पायथ्याशी असलेले हाय विकम हे गाव खुर्च्यांसाठी प्रसिद्ध होते. भोवतालच्या बीच वृक्षांच्या वनात कातारी खुर्च्यांचे पाय कातीत आणि गावातील कारखान्यांत खुर्च्या जुळविल्या जात. विसाव्या शतकात हे काम यंत्रांवर होऊ लागले. या गावातील रुग्णालयात काम करणाऱ्या नाक-कान-घसा शल्यविशारद एझ्मी हॅडफील्ड यांच्या असे ध्यानात आले की, नाकाच्या पोकळीचा एरवी अतिशय विरळा असणारा एक कर्करोग (ग्रंथिल कर्करोग) आपल्याकडे वारंवार दिसतो आणि रुग्ण बहुधा फर्निचर कारखान्यांतील सुतार असतात. ई. डी. अ‍ॅचिसन, आर. एच. कौडेल, हॅडफील्ड व आर. जी. मॅक्बेथ यांनी ऑक्सफर्ड विभागातील नोंदी तपासून १९६८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. फर्निचर कामगारांत या रोगाचे प्रमाण सर्वसाधारण प्रौढ पुरुषांच्या शेकडो पट असल्याचे त्यांतून दिसून आले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९६९ मध्ये, ब्रिटनमध्ये हा रोग भरपाईस पात्र अशा व्यावसायिक रोगांत समाविष्ट झाला. धुळीशी प्रथम संपर्क आल्यापासून रोग प्रकट होईपर्यंत अनेकदा चाळीस वा अधिक वर्षे जातात; त्यामुळे एवढ्या मोठ्या उद्योगात कार्यकारणसंबंध इतकी वर्षे झाकलेला राहिला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ६२ व्या खंडात लाकडाच्या धुळीचे वर्गीकरण मानवात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात केले. ओक व बीच यांसारख्या कठीण लाकडांच्या बाबतीत पुरावा विशेष सबळ आहे. याखेरीज उत्तर अमेरिकेतील वेस्टर्न रेड सीडार या लाकडातील प्लिकॅटिक अम्लामुळे दमा होतो. साग व शिसव यांच्या धुळीने काहींना त्वचाशोथ (त्वचेची दाहयुक्त सूज) होतो. [⟶ व्यावसायिक रोग].

कायदेशीर तरतुदी : भारतातील कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १४ मध्ये धुळीचे शोषण करणारे साधन धुळीच्या उगमाच्या शक्य तितके जवळ बसवावे व उगमस्थान होईल तितके बंदिस्त करावे, असे तत्त्व घालून दिले होते. यूरोपीय संघाने १९९९ मध्ये कठीण लाकडाच्या धुळीसाठी दर घ. मी. हवेत ५ मिग्रॅ. ही मर्यादा ठरविली. २०१७ च्या निदेशानुसार ती प्रथम ३ मिग्रॅ. व जानेवारी २०२३ पासून २ मिग्रॅ. करण्यात आली.

नळी व पंखा यांचा मेळ : मोठ्या कारखान्यातील नळमार्ग अभियंते आखतात. छोट्या कर्मशाळेत मात्र हे काम सुताराला स्वतः करावे लागते, आणि तेथे दोन भिन्न प्रकारची यंत्रे एकाच नावाने ओळखली जात असल्याने घोटाळा होतो. पहिला प्रकार मोठ्या पंख्याच्या धूळसंग्राहकाचा होय. तो पुष्कळ हवा ओढतो; पण त्याचे चोषण सु. २०० ते २५० मिमी. पाण्याच्या स्तंभाइतकेच असते. दुसरा प्रकार निर्वात झाडूच्या जातीचा. त्यातून हवा थोडी वाहते. पण चोषण २,००० मिमी. वा त्याहून अधिक असते. रंधयंत्र वा मेजावरील करवत यांना पहिला प्रकार व सु. १०० मिमी. व्यासाची नळी लागते. हाती धरावयाच्या घासयंत्राला दुसरा प्रकार व सु. २७ ते ३८ मिमी. व्यासाची नळी पुरते.

कोरडा भुसा नळीत तरंगत राहण्यासाठी हवेचा वेग सेकंदाला सु. २० मी. असावा लागतो, ओल्या ढलप्यांसाठी तो सु. २८ मी. घेतात. १०० मिमी. व्यासाच्या नळीचे क्षेत्रफळ सु. ७८·५ चौ. सेंमी. असल्याने २० मी. वेगासाठी तीतून ताशी सु. ५६५ घ. मी. हवा वाहिली पाहिजे. व्यास निम्मा केला की क्षेत्रफळ निम्मे न होता चौथा भाग राहते. त्यामुळे रंधयंत्राच्या १०० मिमी. धूळमुखाला ५० मिमी. नळी जोडली, तर पंख्याची शक्ती वाया जाते व ढलप्या जोडाशीच तुंबतात. उलट ३६ मिमी. नळी १०० मिमी.च्या मुख्य नळात सोडली, तर मोठ्या नळात वेग जवळजवळ एक-अष्टमांश होतो व भुसा तळाशी बसत जातो. अशा वेळी मुख्य नळावरील दुसरी झडप थोडी उघडून जादा हवा आत घ्यावी लागते.

जोडतुकड्याची निवड : यंत्रांच्या धूळमुखांचे सर्वमान्य प्रमाणीकरण झालेले नाही. अमेरिकेत अडीच व चार इंची मापे रूढ आहेत, तर यूरोपात मिलिमीटरमधील. चार इंच म्हणजे १०१·६ मिमी., त्यामुळे १०० मिमी.च्या भागाशी त्याचा मेळ नीट बसत नाही. काही उत्पादक आतील व्यासावरून, तर काही बाहेरील व्यासावरून माप सांगतात. म्हणून नावावर विसंबून न राहता धूळमुख व नळी या दोहोंचे आतील व बाहेरील व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजून घेणे इष्ट असते. जोडतुकडा एकदम अरुंद होणारा नसून हळूहळू निमुळता होणारा असावा. व्यास कमी करावयाचा झाल्यास तो यंत्राच्या तोंडाशीच करावा आणि पुढे लगेच मोठी नळी घ्यावी. नागमोडी पृष्ठाच्या लवचिक नळीत गुळगुळीत नळापेक्षा घर्षण बरेच अधिक असते, यास्तव ती गरजेपुरतीच लांब ठेवतात. काटकोनी वळणाऐवजी मोठ्या त्रिज्येचे वळण वापरतात व शाखा ४५° कोनात जोडतात. जोडात फट राहिल्यास हवा तेथूनच आत शिरते व पात्याजवळचे चोषण घटते.

नळीतून कोरडी धूळ वेगाने जाताना स्थिर विद्युत् निर्माण होते. घासयंत्र हाती धरणाऱ्यास तिचे झटके बसतात. म्हणून विद्युत् संवाहक नळी, तशाच द्रव्याचा जोडतुकडा व भूयोजन (अर्थिंग) यांची अखंड साखळी लागते. साध्या प्लॅस्टिकचा एक जोडतुकडा मध्ये आला तरी ती तुटते.

गाळणी व इतर दक्षता : चक्रवाती विलगकानंतर बारीक गाळणी बसवितात किंवा हवा बाहेर सोडतात. यूरोपीय मानकांनुसार निर्वात साधनांचे एल, एम व एच असे वर्ग असून लाकडाच्या धुळीसाठी निदान एम वर्ग (९९·९ टक्के धूळ अडविणारा) योग्य समजला जातो. जाड विणीच्या पिशवीतून बारीक धूळ परत खोलीत येते. असे झाल्यास भुसा नाहीसा होतो, पण अपायकारक भाग हवेत उरतो. केरसुणीने झाडल्यास वा दाबाखालील हवेने फुंकल्यास बसलेली धूळ पुन्हा उडते. तुळयांवर साचलेली धूळ स्फोटकही असते. कॅनडातील बर्न्स लेक व प्रिन्स जॉर्ज येथील लाकूड-गिरण्यांत २०१२ मध्ये आणि इंग्लंडमधील बॉझ्ली येथे २०१५ मध्ये झालेल्या स्फोटांत कामगार मृत्युमुखी पडले.

भारतात घरे व कार्यालये यांतील फर्निचरचे पुष्कळसे काम कारखान्यात न होता प्रत्यक्ष जागेवर, हाती धरावयाच्या विजेच्या यंत्रांनी केले जाते. प्लायवूड व मध्यम घनतेचे तंतुफलक (एमडीएफ) कापताना अतिशय बारीक धूळ निघते आणि बंद खोलीत ती बराच वेळ तरंगत राहते. अशा ठिकाणी स्थायी नळमार्ग शक्य नसतो. यंत्राच्या धूळमुखाला नीट बसणारा जोडतुकडा, आखूड नळी व चांगल्या गाळणीचे फिरते निर्वात साधन एवढ्यावरच सुताराच्या श्वसनमार्गाचे रक्षण अवलंबून असते. मुखपट्टी ही त्यास पूरक होय, पर्याय नव्हे. कारण ती काढल्यावरही धूळ त्या खोलीतच असते.