लष्करी अधिकाऱ्याचे शिक्षण : खर्च कोणाचा, कॉलेज कोणते?

१/ दहावीचा निकाल लागला की कोल्हापुरात एक प्रश्न दरवर्षी नव्याने विचारला जातो. मुलाला किंवा मुलीला सैन्यात अधिकारी व्हायचे आहे. मग अकरावीला कुठे घालावे, पुढे कॉलेज कोणते घ्यावे आणि शिक्षणाचा खर्च सरकार देते का? उत्तरादाखल सहसा परीक्षांची एक यादी हाती पडते. ती यादी तशी का घडली, हे समजण्यासाठी मात्र शतकभर मागे जावे लागते. आजचा धागा त्या इतिहासावर.

२/ आरंभ सैन्यापासून नव्हे, वसतिगृहापासून करू. कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० पासून होते. तरीही खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलाला त्याचा उपयोग नव्हता. फी माफ झाली तरी शहरात राहायचे कुठे आणि जेवायचे काय, हा प्रश्न उरतच होता. राजर्षी शाहू महाराजांनी ही अडचण नेमकी ओळखली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. शिष्यवृत्तीचे मोल तिच्या रकमेवर नव्हे, ती कोणते दार उघडते यावर ठरते, हा धडा कोल्हापूरने तेव्हाच घेतला होता.

३/ सैन्याचे दार मात्र वेगळे होते. या भागातील तरुण शिपाई म्हणून पिढ्यान्पिढ्या भरती होत. कर्तबगारीने तो जमादार होई, सुभेदार होई, फार तर सुभेदार मेजर होई. ही पदे व्हाइसरॉयच्या सनदेची. राजाची सनद, म्हणजे खरा अधिकारीदर्जा, इंग्रजांसाठी राखीव होता. तीस वर्षे नोकरी केलेला सुभेदार मेजरही विशीतल्या इंग्रज सेकंड लेफ्टनंटच्या हाताखाली असे. हा भेद शौर्याचा नव्हता. अधिकारी घडवणाऱ्या संस्थेत प्रवेश कोणाला, एवढ्याच गोष्टीने तो पाडला होता.

४/ पहिल्या महायुद्धाने ही भिंत थोडी खचली. १९१७ मध्ये भारतीयांना राजाची सनद देण्याचे तत्त्व मान्य झाले आणि १९१८ पासून इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या रॉयल मिलिटरी कॉलेजात त्यांच्यासाठी वर्षाला १० जागा ठेवण्यात आल्या. अवघ्या हिंदुस्थानासाठी दहा! त्याही ज्याचे घराणे निवड समितीच्या पसंतीस उतरेल आणि ज्याचा पिता सातासमुद्रापलीकडील शिक्षणाचा खर्च पेलू शकेल, त्यालाच लाभत. कॉलेज निवडण्याचा प्रश्नच नव्हता. कॉलेज एक होते, आणि ते दुसऱ्या खंडात होते.

५/ त्याच काळात कोल्हापूर संस्थानातील एक तरुण त्या दारातून आत गेला. शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. जन्म १९०६, वडगाव. १९२६ मध्ये ते सँडहर्स्टहून अधिकारी होऊन बाहेर पडले. १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगॉच्या लढाईत त्यांनी आपल्या पलटणीचे नेतृत्व केले आणि ‘डीएसओ’ हा सन्मान मिळवला. कोरियातील युद्धबंद्यांसाठी गेलेल्या भारतीय दलाचे ते प्रमुख होते, आणि १९५७ ते १९६१ या काळात पूर्व विभागाचे सेनापती. प्रश्न असा की, त्या काळी कोल्हापूरच्या मातीत असे थोरात आणखी किती असतील, ज्यांच्यापर्यंत ते दार पोहोचलेच नाही?

६/ दाराआधी पायरी हवी, म्हणून १९२२ मध्ये देहरादूनला प्रिन्स ऑफ वेल्स रॉयल इंडियन मिलिटरी कॉलेज सुरू झाले. नाव कॉलेजचे असले तरी ही निवासी शाळा होती. सँडहर्स्टला जाऊ इच्छिणाऱ्या मुलांची तयारी तेथे लहान वयापासून होई. आजचे ‘आरआयएमसी’ ते हेच. अधिकारी घडवायचा तर त्याला सामान्य शाळा-कॉलेजातून न घेता बालवयातच वेगळे काढावे, ही कल्पना येथे रुजली. आपल्या आजच्या साऱ्या व्यवस्थेवर तिची छाप आहे.

७/ पुढचे पाऊल स्कीन समितीचे. १९२५ मध्ये नेमलेल्या या समितीत बॅरिस्टर जिनाही होते. त्यांच्या उपसमितीने इंग्लंड, फ्रान्स, कॅनडा आणि अमेरिकेतील लष्करी शिक्षणाची पाहणी केली. समितीने सँडहर्स्टमधील जागा वाढवाव्यात आणि १९३३ पर्यंत हिंदुस्थानातच लष्करी महाविद्यालय काढावे, अशी शिफारस केली. सरकारने त्यातले बरेचसे लगेच मानले नाही. पण राजकीय दबाव वाढत गेला आणि १ ऑक्टोबर १९३२ रोजी देहरादूनला इंडियन मिलिटरी अकॅडमी सुरू झाली.

८/ त्या पहिल्या तुकडीतील ४० जागांची वाटणी पाहण्यासारखी आहे. १५ खुल्या स्पर्धेतून, १५ सैन्यातील जवानांतून आणि १० संस्थानांच्या फौजांसाठी. म्हणजे जवानाला आणि संस्थानी तरुणाला हक्काची वाट मिळाली. खुल्या स्पर्धेतून येणाऱ्या मुलाच्या पालकांना मात्र शुल्क भरावे लागे. बुद्धी स्पर्धेत सिद्ध करायची आणि पैसा घरून आणायचा, अशी ती दुहेरी अट होती.

९/ महाराष्ट्राने या बदलाची चाहूल वेळीच घेतली. शाहू महाराज आणि ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या अखिल भारतीय श्री शिवाजी स्मारक संस्थेने १९३२ मध्ये पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल काढले. १९३७ मध्ये डॉ. मुंजे यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. दोहोंमागचा विचार एकच होता : स्पर्धा खुली झाली तरी तिच्यासाठी तयार झालेली मुले हवीत, आणि ती तयारी सामान्य शाळेत होत नाही.

१०/ मग सामान्य कॉलेजांचे काय? तेथेही गणवेश पोहोचला होता. १९२० च्या प्रादेशिक सेना कायद्यानंतर विद्यापीठांत युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर उभे राहिले. विद्यार्थी कवायत करी, बंदूक चालवायला शिके, शिबिराला जाई. परंतु या प्रशिक्षणाच्या शेवटी सनद नव्हती. कॉलेजच्या मैदानापासून अधिकारीपदापर्यंत थेट रस्ता असा नव्हताच.

११/ अमेरिकेने येथेच निराळी वाट धरली होती. १८६२ च्या मॉरिल कायद्याने सरकारी जमिनीच्या आधारावर उभ्या राहणाऱ्या कॉलेजांनी लष्करी शिक्षणही द्यावे असे ठरले. १९१६ मध्ये कॉलेजांतील या शिक्षणाला ‘आरओटीसी’ ही अधिकारी घडवणारी रीतसर व्यवस्था मिळाली. नौदलाने १९४६ मध्ये आणि भूदल व हवाई दलाने १९६४ च्या कायद्यानंतर तिला शिष्यवृत्तीची जोड दिली. तेथे पैसा विद्यार्थ्यामागे चालतो. तो कॉलेज निवडतो, प्रवेश स्वतः मिळवतो. मात्र त्या कॉलेजात किंवा शेजारच्या कॉलेजात लष्करी तुकडी असावी लागते. पदवीनंतर ठरावीक वर्षे सैन्यात सेवा करण्याचा करार आधीच झालेला असतो.

१२/ करार हा शब्द लक्षात ठेवावा. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९४८ च्या कायद्याने एनसीसी अस्तित्वात आली. त्या कायद्यात स्पष्ट म्हटले आहे की, छात्र म्हणून नाव नोंदवल्यामुळे कोणावरही प्रत्यक्ष लष्करी सेवेचे बंधन येत नाही. हा निर्णय उदार होता. चारित्र्य, शिस्त आणि नेतृत्व सर्वांना मिळावे, सैन्यात जाणे ज्याच्या-त्याच्या इच्छेवर असावे, हा त्यामागील हेतू.

१३/ पण या उदारपणाची दुसरी बाजूही आहे. जेथे सेवेचे बंधन नाही, तेथे कॉलेजची फी भरण्याचे सरकारला कारण उरत नाही. १९६२ च्या युद्धानंतर एनसीसी काही वर्षे सक्तीची झाली, १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक झाली. सेवेची बांधिलकी मात्र तिला कधीच जोडली गेली नाही. त्यामुळे आपल्या आवडीच्या कॉलेजात शिका, खर्च सैन्य देईल, ही अमेरिकी धर्तीची व्यापक योजना आपल्याकडे घडली नाही.

१४/ जेथे बांधिलकी आली, तेथे सरकारी पैसाही आला. पण तो विद्यार्थ्यामागे न चालता संस्थेत बसला. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी जानेवारी १९५५ मध्ये रीतसर सुरू झाली. तेथील निवास, भोजन आणि शिक्षण सरकारी खर्चाने, पदवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची. पुण्याच्या एएफएमसीत १९६२ पासून एमबीबीएस शिकवले जाते, त्यासोबत सेवेचा करार येतो. बारावीनंतरच्या तांत्रिक प्रवेशातून निवडलेला मुलगा सैन्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकतो. या साऱ्यांत कॉलेज तुम्ही निवडत नाही. तुमची निवड झाली की कॉलेज ठरलेले असते. आणि प्रशिक्षण स्वेच्छेने अर्धवट सोडले, तर झालेला खर्च परत करावा लागतो.

१५/ या संस्थांपर्यंत ग्रामीण मूल पोहोचावे म्हणून शासनाने अलीकडच्या पायऱ्या बांधल्या. २३ जून १९६१ रोजी साताऱ्याला देशातील पहिली सैनिकी शाळा सुरू झाली. यशवंतराव चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री होते. अधिकारीवर्ग मोजक्या प्रांतांतून आणि मोजक्या घरांतून येऊ नये, हा सैनिकी शाळांचा मूळ हेतू. १९७७ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सेवा पूर्व प्रशिक्षण संस्था निघाली. दहावीनंतर निवडलेली मुले तेथे राहतात, अकरावी-बारावी कनिष्ठ महाविद्यालयात करतात आणि सोबत प्रबोधिनीच्या प्रवेशाची तयारी करतात. शाहूकालीन बोर्डिंगचे तत्त्व येथे गणवेशात दिसते.

१६/ आता कोल्हापूरच्या प्रश्नाकडे वळू. इतिहासाने तीन दारे ठेवली आहेत. पहिले शालेय वयातील : सैनिकी शाळा आणि आरआयएमसी. दुसरे बारावीच्या सुमाराचे : प्रबोधिनी, एएफएमसी, तांत्रिक प्रवेश. येथे खरी निवड कॉलेजची नसून अकरावीतील विषयांची असते. प्रबोधिनीत भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. पंधराव्या वर्षी गणित सोडणाऱ्या मुलाला आपण एक दार लावून घेत आहोत, याची कल्पना अनेकदा नसते.

१७/ तिसरे दार पदवीनंतरचे. तेथे कॉलेजची फी घरची असते. म्हणूनच निवड अधिक विचाराने करावी लागते. भूदलाला कोणतीही पदवी चालते; नौदल अकादमीला अभियांत्रिकी हवी; हवाई दलाला बारावीत गणित व भौतिकशास्त्र असलेली पदवी किंवा अभियांत्रिकी. एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळवलेल्या पदवीधराला विशेष प्रवेशातून लेखी परीक्षा न देता थेट मुलाखत मंडळापुढे जाता येते. पण त्यासाठी कॉलेजात तुकडी हवी आणि नोंदणी पहिल्याच वर्षी व्हायला हवी. एनसीसीचे गट मुख्यालय कोल्हापुरातच आहे. तरीही प्रवेशअर्ज भरताना ‘येथे तुकडी आहे का, जागा किती’ हे विचारणारे पालक थोडेच.

१८/ दहा जागांच्या काळात ज्या मुलींचा विचारही झाला नव्हता, त्यांनाही आता हाच हिशेब करावा लागतो. १९९२ पासून स्त्रिया चेन्नईच्या प्रशिक्षण संस्थेतून भूदलात अधिकारी होऊ लागल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर प्रबोधिनीचे दार उघडले, आणि मे २०२५ मध्ये मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याहून पदवी घेऊन बाहेर पडली.

१९/ शेवटी एक गोष्ट. मुलाखत मंडळापुढे जाणाऱ्यांपैकी बहुतेक जण निवडले जात नाहीत. ही व्यवस्था मुळातच अरुंद आहे. अमेरिकी विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती गेली तरी त्याने निवडलेले कॉलेज त्याच्याजवळ राहते. आपल्याकडे दार बंद झाले की त्यामागची संस्थाही जाते. म्हणून तिसऱ्या दाराने जाणाऱ्याने अशी पदवी निवडावी, जी गणवेश न मिळाल्यासही त्याला ताठ उभे ठेवील. एनसीसी कॉलेज निवडण्याचे दुसरे कारण असावे. पहिले कारण शिक्षणच असावे.

२०/ अधिकारी होण्याची पात्रता कोल्हापूरच्या मुलांत १९१८ मध्येही होती आणि आजही आहे. शंभर वर्षांत बदलली ती दारांची संख्या आणि त्यापुढची पायरी. कोणते दार कोणत्या वयात उघडते आणि केव्हा मिटते, ही माहिती आजही घराघरांत सारखी पोहोचलेली नाही. ओळखीत कोणी नववी-दहावीत असेल, तर हा धागा त्यांच्यापर्यंत जरूर पोहोचवावा.