वैद्याचा विषाद

इसवी सन १८५० च्या मे महिन्यात ठाणे जिल्ह्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाच्या बाजूने माथेरानचा डोंगर चढून गेले, आणि पुढे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी त्या स्थळावर मेहेरनजर केल्यावर, दमट हवेने व कचेरीच्या कामाने गळून गेलेल्या अंमलदारांसाठी तेथे रस्ते आणि बंगले उभे राहिले. शिणलेल्या माणसाला रजा मिळावी आणि त्या रजेची तजवीज सरकारने करावी, हे तत्त्व या मुलखाने अशा रीतीने प्रत्यक्ष पाहिले. त्या गिरिस्थानाचा कारभार पुष्कळ काळ वैद्यकीय अधिकाऱ्याच्याच हाती असे व मॅजिस्ट्रेटचे अधिकारही त्याच्याकडे असत. परंतु दुसऱ्यांचा थकवा पारखणाऱ्या या माणसाचा स्वतःचा थकवा कोणी पारखावा, याचा विचार त्या बंदोबस्तात कोठे दिसत नाही.

डोंगराखाली, कर्जत आणि खोपोलीच्या अंगाने, बोरघाटाच्या लोहमार्गाचे काम १८५६ ते १८६३ या काळात चालले होते. तेथे पटकीने व तापाने मजुरांचे तांडेच्या तांडे आडवे झाले. १८५९ साली नवा ठेका घेऊन आलेला सॉलोमन ट्रेडवेल पंधरवड्याच्या आतच मरण पावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम तडीस नेले. अशा छावणीत ज्यांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली त्यांच्या मनांवर काय ओरखडे उमटले असतील, हे जाणून घेण्याची मला फार उत्कंठा आहे. इतिहासाने मात्र भरावांची व बोगद्यांचीच लांबीरुंदी जपून ठेवली.

त्याच सुमारास, १८५८ साली, वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा कायदा झाला. मोकाट भटकणारा वेडा आढळल्यास दरोग्याने त्याला धरून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे, डॉक्टराने दाखला द्यावा आणि मग त्याची रवानगी व्हावी, असा त्याचा शिरस्ता होता. १९०१ साली ठाण्याचे मनोरुग्णालय सुरू झाल्यावर या बाजूच्या रुग्णांना तेवढे तरी जवळचे ठिकाण झाले. या सर्व व्यवस्थेत डॉक्टराची जागा दाखल्याखालच्या सहीपुरती निश्चित झाली. सही करणारा हातच एखादे दिवशी गळून पडला तर काय करावे, याविषयी कायदा मौन होता. आपल्या जुन्या शास्त्राची दृष्टी अधिक उदार होती असे मला वाटते, कारण रोग वाढविणाऱ्या कारणांमध्ये चरकाने विषादाला अग्रस्थान दिले आहे. आणि वैद्य हाही देहधारीच असल्यामुळे तो त्या नियमाला अपवाद ठरण्याचे काही कारण नाही.

कर्जतजवळचे वेणगाव हे नानासाहेब पेशव्यांचे जन्मग्राम म्हणून इतिहासप्रेमी लोकांना ठाऊक आहे. तेथेच २००६ साली डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याच्या ‘श्रद्धा’ संस्थेचे पुनर्वसनकेंद्र सुरू झाले. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून आणावे, औषधोपचार करावेत आणि त्यांचे गाव शोधून त्यांना स्वगृही पोहोचवावे, हे त्या केंद्राचे काम. २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार डॉ. भरत वाटवानी यांना त्यासाठीच मिळाला. या कामाची प्रेरणा ठरला तो मुंबईत नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिताना या दांपत्याला दिसलेला एक तरुण. उपचारांनी भानावर आल्यावर कळले की, तो आंध्रातला पदवीधर असून वैद्यकीय प्रयोगशाळेचे शिक्षण घेतलेला आहे. ज्या विद्येने दुसऱ्याच्या रक्तातला दोष हुडकावा तिचाच एक उपासक अशा अवस्थेत सापडावा, ही गोष्ट मला त्या संस्थेच्या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलकी वाटते. शिक्षण, पदवी, घराणे यांपैकी कोणतेही कवच मनाच्या व्याधीला अडवीत नाही.

अशी व्याधी डॉक्टरालाच जडली तर कधी वैद्यकी सोडण्याची पाळी येते; एरवी वैद्यकी सोडणे ही गोष्ट महाराष्ट्राला अपरिचित नाही. डॉ. श्रीराम लागू यांनी कान-नाक-घशाची शल्यचिकित्सा सोडून रंगभूमी पत्करली, डॉ. अनिल अवचट लेखणीकडे वळले, आणि समाजाने दोघांनाही मानाने स्वीकारले, कारण ते कशाकडे तरी निघाले होते. जो डॉक्टर कशाकडेही निघालेला नसतो, केवळ मन मोडल्यामुळे दवाखान्याचे दार ओढून घेतो, त्याच्या वाट्याला मात्र कुजबुज येते. आणि मोडलेल्या हाडाला विसावा देणाऱ्या समाजाने मोडलेल्या मनाला तो नाकारावा, हा मला उघड अन्याय वाटतो.

या अन्यायाची मोजदाद आता कोठे सुरू झाली आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यदलाने २०२४ साली दिलेल्या अहवालानुसार, पाहणीत उत्तरे देणाऱ्या पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी ३१.२ टक्के विद्यार्थ्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. मध्येच जागा सोडणाऱ्या विद्यार्थ्याकडून लाखो रुपये वसूल करण्याची अट राज्यांनी काढून टाकावी, असे आयोगाने त्याच वर्षी सुचविले. निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांहून अधिक काम देऊ नये आणि एक दिवस सुट्टी द्यावी, अशी शिफारस कार्यदलाने केली. या सूचनांचा लवकरात लवकर बंधनकारक नियम व्हावा, आणि ज्याला त्या ७४ तासांचाही भार सोसवत नाही, त्याला दंड न भरता व मान खाली न घालता घरी जाता यावे.