पदकाच्या कडेवरचं नाव

शेतकऱ्याच्या घरात वारसा म्हणून काय उरतं? जमिनीचे कागद, तांब्याचा हंडा, आजीची ठुशी. फौजी गावांत आणखी एक वस्तू असते, पदक. पंजाबातलं जालंधर असो की आपला सातारा, ते ट्रंकेच्या तळाशीच सापडतं.

पहिल्या महायुद्धानंतर जवानांना मिळालेलं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं होतं. त्यामुळे अडीनडीला काही पदकं सोनाराकडे मोडीत गेली. पण त्याचं खरं मोल कडेवर आहे. तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असते.

इराकमधल्या कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली. कैदेत गेलेले अनेकजण परतलेच नाहीत. महायुद्धात कामी आलेल्यांच्या घरी कांस्याची गोल पाटी जाई, सुमारे १२ सेंटिमीटरची. तिच्यावर नाव असे, हुद्दा नसे. शिपाई आणि जनरल तिथे सारखेच.

पंजाबच्या सुमारे ३,२०,००० जवानांच्या नोंदी लाहोरच्या संग्रहालयात जवळपास शतकभर पडून होत्या. २०२१ पासून त्या इंटरनेटवर येऊ लागल्या आणि तिथली नातवंडं आता पणजोबांचं नाव शोधतात.

आपल्याकडे बऱ्याच घरांत पदकाची कड हाच पुरावा. म्हणून पदक चिंच लावून घासू नका, अक्षरं झिजतात. भिंग घ्या, कड वाचा, नंबर आणि पलटण वहीत उतरवून ठेवा. चांदी मोडली तर पैसे येतील, नाव परत येणार नाही.

जय हिंद.