पत्र्याची एरिक्सन चाचणी
मोटारीच्या दारासाठी पोलादाऐवजी अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू वापरल्यास वजन घटते. पण साच्यात दाबताना हा पत्रा लवकर फाटतो. म्हणून तो आधीच पारखतात. एरिक्सन चाचणीत ०.१ ते २ मिलिमीटर जाडीचा पत्रा १० किलोन्यूटन बलाने घट्ट धरून २० मिलिमीटर व्यासाच्या गोल टोकाचा दट्ट्या त्यात हळूहळू दाबतात. आरपार तडा जाताच थांबतात. तोवर झालेल्या वाटीची मिलिमीटरमधील खोली म्हणजे एरिक्सन निर्देशांक. वाटीचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत झाला, तर धातूचे स्फटिककण मोठे आहेत असे समजावे. जाडी वा वंगण बदलले की आकडाही बदलतो. शिवाय येथे पत्रा केवळ ताणला जातो. खोल डबा घडवताना मात्र कडेचा धातू आत ओढला जातो. त्यासाठी स्विफ्टची पेला-चाचणी करता येते.