मुंबईचं सागवान, हार्टलपूलचा धक्का: २०० वर्षांची एक बोट अजून तरंगते कशी?

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना ऑफिसला जाताना लोकलच्या आवाजात ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी खास. बोलताना जी वाक्यं अर्धवट राहिली ती इथे पूर्ण केली आहेत, बाकी गप्पा त्याच आहेत.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करूया. मुंबईत बांधलेली सगळ्यात जुनी, अजून पाण्यावर तरंगणारी युद्धनौका बघायची असेल तर कुठे जायचं? गेटवेला? माझगावला? नाही. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं एक गाव आहे, तिथे. लोकसंख्या साधारण ९० हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. तिथल्या जुन्या गोदीत तीन डोलकाठ्यांचं एक जहाज उभं आहे. नाव एचएमएस त्रिंकोमाली. आणि ते बांधलं गेलं आपल्या फोर्टमध्ये, जिथे आज नौदलाची गोदी आहे तिथे.

सागवान का?

१८०० च्या आसपास ब्रिटन नेपोलियनशी लढत होतं. लढायला जहाजं हवीत आणि जहाजांना ओक. एका मोठ्या युद्धनौकेला हजारो झाडं लागायची आणि ओक मोठा व्हायला शंभर वर्षं घेतो. लाकूड संपत चाललं होतं. तेव्हा नौदलाची नजर मुंबईकडे वळली, कारण मुंबईत दोन गोष्टी होत्या: मलबारच्या जंगलातून येणारं सागवान आणि वाडिया कुटुंब.

लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि पुढे पिढ्यानपिढ्या हे पारशी घराणं मुंबई गोदीचं मुख्य जहाजबांधणीकार राहिलं. त्रिंकोमालीच्या वेळी ती जबाबदारी जमशेदजी बोमनजी वाडियांवर होती. १८१३ साली पाण्यात उतरलेली एचएमएस कॉर्नवॉलिस त्यांच्याच हातची. १८४२ मध्ये पहिलं अफू युद्ध संपवणारा नानकिंगचा तह झाला, तो तिच्यावरच.

आता सागवानाची गंमत बघा. ओकमध्ये टॅनिक आम्ल असतं, त्यामुळे त्यात ठोकलेले लोखंडी खिळे गंजतात. सागवानात तेल असतं, ते लोखंड सांभाळतं, कीडही लवकर लागू देत नाही. म्हणजे वाडियांचं जहाज बांधायला वेळ लागला तरी टिकायचं जास्त.

त्रिंकोमालीची ऑर्डर निघाली १८१२ मध्ये. तिचे नकाशे एचएमएस जावा नावाच्या जहाजातून मुंबईला पाठवले. वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ, डिसेंबर १८१२ मध्ये, अमेरिकेच्या यूएसएस कॉन्स्टिट्यूशनने जावाला हरवलं आणि जाळून टाकलं. नकाशे गेले. बॅकअप घ्यायची सवय तेव्हाही महत्त्वाची होती म्हणायची! नवी प्रत आली आणि अखेर १८१६ मध्ये जहाजाचा कणा घातला गेला. पारशी प्रथेप्रमाणे त्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी त्रिंकोमाली मुंबईच्या पाण्यात उतरली. खर्च सुमारे २३ हजार पौंड.

पण तोवर युद्धच संपलं होतं! वॉटर्लू झालं १८१५ मध्ये. जहाज १८१९ मध्ये पोर्ट्समथला पोहोचलं आणि तिथे वर छप्पर घालून पंचवीसेक वर्षं नुसतं ठेवून दिलं. ज्या कामासाठी बनवलं ते काम त्याला कधी मिळालंच नाही.

रिकामं जहाज जगतं कसं?

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त भावतं ते हेच. त्रिंकोमालीने एकही मोठी लढाई जिंकलेली नाही. ती टिकली, कारण दर वेळी कुणीतरी तिला नवं काम दिलं.

१८४५ नंतर तिची डागडुजी झाली, तोफा कमी केल्या आणि ती आधी उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीजकडे, मग १८५२ ते १८५७ पॅसिफिकमध्ये फिरली. परत आल्यावर तिला प्रशिक्षणाचं काम मिळालं. राखीव नौसैनिकांना शिकवणारं जहाज म्हणून ती १८६२ ते १८७७ अशी पंधरा वर्षं कुठे होती माहितीये? वेस्ट हार्टलपूलला. म्हणजे गाव आणि जहाज यांची ओळख दीडशे वर्षांहून जुनी आहे.

१८९७ मध्ये ती भंगारवाल्याकडे गेली. त्याच वर्षी जून महिन्यात ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर फुद्रोयाँ नावाचं दुसरं जुनं जहाज वादळात फुटलं. ते नेल्सनचं जहाज. जॉर्ज व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थाने ते विकत घेऊन मुलांना शिकवण्यासाठी तयार केलं होतं. फुटलेल्या जहाजाच्या लाकडाचं फर्निचर झालं, तांब्याची पदकं झाली, लोकांनी आठवण म्हणून ती विकत घेतली. आणि कॉबने बदली म्हणून भंगारातून त्रिंकोमाली उचलली, तिला फुद्रोयाँ हेच नाव दिलं. पुढची जवळजवळ नव्वद वर्षं, १९८६ पर्यंत, पोरं या जहाजावर येऊन दोर ओढायला, होडी वल्हवायला, एकत्र राहायला शिकत होती.

तिच्या शेजारी पोर्ट्समथला इम्प्लॅकेबल नावाचं आणखी जुनं जहाज होतं, ट्रॅफल्गारच्या लढाईतलं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याला दुरुस्तीसाठी पैसे नाहीत म्हणून सरकारने डिसेंबर १९४९ मध्ये ते समुद्रात नेऊन बुडवलं. बुडताना त्यावर ब्रिटन आणि फ्रान्स, दोघांचे झेंडे फडकत होते, कारण मुळात ते फ्रेंचांचं जहाज. लोक हळहळले. जुनी जहाजं वाचवायला हवीत ही भावना ब्रिटनमध्ये रुजली त्यात या बुडवण्याचा मोठा वाटा आहे. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

गावाला काम, जहाजाला गाव

हार्टलपूल हे जहाजं बांधणारं गाव. तिथला विल्यम ग्रे यांचा मोठा कारखाना १९६२ मध्ये बंद पडला. ज्यांच्या हातात लोखंड आणि लाकूड बोलायचं अशी माणसं बेकार झाली. मग १९७९ मध्ये एचएमएस वॉरियर नावाची जुनी युद्धनौका दुरुस्तीसाठी या गावात आली. आठ वर्षं काम चाललं. १९८७ मध्ये वॉरियर नवी कोरी होऊन पोर्ट्समथला गेली. गावाकडे आता जुन्या जहाजांची विद्या होती, पण जहाज नव्हतं. त्याच वर्षी, काही आठवड्यांतच, एका तराफ्यासारख्या मोठ्या बार्जवर चढवून त्रिंकोमाली तिथे आणली गेली.

दुरुस्ती १९९० मध्ये सुरू झाली. १९९२ मध्ये तिला मूळ नाव परत मिळालं. १९९४ मध्ये भोवतीने अठराव्या शतकातल्या बंदरासारखा धक्का, दुकानं, घरं उभी करून संग्रहालय सुरू झालं. २००१ मध्ये दुरुस्ती पूर्ण झाली. खर्च एक कोटी पौंडांच्या वर. आणि एवढं करूनही सांगाड्यातलं अर्ध्याहून जास्त लाकूड अजून मूळचं आहे. म्हणजे मलबारचं सागवान, मुंबईच्या सुतारांनी तासलेलं. त्या सुतारांची नावं कुठल्या फलकावर नाहीत, पण त्यांचं काम मात्र उत्तर समुद्राच्या थंडीत उभं आहे. जहाजाच्या नाळेवर फेटा बांधलेल्या पुरुषाचा कोरीव पुतळा आहे. तो पाहिला की वाटतं, चला, आपलं कुणीतरी आहे तिथे.

धक्क्यावरचं वर्ष

आता संग्रहालय म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? काचेची कपाटं आणि 'हात लावू नका'. हार्टलपूलचा धक्का तसा नाही. तो ऋतूंप्रमाणे चालतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत जुने गणवेश घातलेले लोक मुलांना तोफ कशी डागतात ते दाखवतात, कानठळ्या बसवणारा आवाज होतो आणि पोरं खूश. ऑक्टोबरअखेर हॅलोविन, डिसेंबरात नाताळ. बाजूलाच १९३४ सालची विंगफील्ड कॅसल ही वाफेवरची प्रवासी बोट उभी असते, ती गावातच, ग्रे यांच्याच कारखान्यात बांधलेली. मोठा सोहळा म्हणजे टॉल शिप्स रेसेस, जगभरची शिडाची जहाजं. ती ऑगस्ट २०१० आणि जुलै २०२३ मध्ये हार्टलपूलला आली. पहिल्या वेळी लाखोंची गर्दी झाली. एवढ्याशा गावात लाखो! आपल्या एखाद्या गावच्या जत्रेची आठवण यावी असंच.

गावाच्या आठवणीही याच पाण्याशी बांधलेल्या. १६ डिसेंबर १९१४ रोजी जर्मन युद्धनौकांनी या गावावर तोफा डागल्या, शंभराहून जास्त माणसं गेली. दर वर्षी त्या दिवशी त्यांचं स्मरण होतं. आणि एक गमतीशीर दंतकथा: नेपोलियनच्या काळात फ्रेंच जहाज फुटलं, त्यातून एक माकड वाहून आलं, आणि गावकऱ्यांनी त्याला फ्रेंच हेर समजून फाशी दिलं म्हणे. खरं-खोटं सोडा, पण गावाने हा टोमणा इतका आपलासा केला की फुटबॉल क्लबचं शुभंकर माकड झालं. २००२ मध्ये त्या माकडाचा पोशाख घालणारा स्टुअर्ट ड्रमंड निवडणुकीला उभा राहिला, शाळकरी मुलांना फुकट केळी देईन म्हणाला आणि खरंच महापौर झाला! तेही एकदा नाही, तीनदा.

या सगळ्या गमतीजमतीमागे एक कंटाळवाणं काम वर्षभर चालतं. लाकडी जहाजाचा खरा शत्रू खारं पाणी नाही, पाऊस आहे. खाऱ्या पाण्यात लाकूड टिकतं, गोड्या पाण्याने कुजतं. त्यामुळे डेकच्या फळ्यांमधल्या फटी भरत राहायच्या, दोर तपासायचे, रंग लावायचा. आपले कोळी बांधव पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून डागडुजी करतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करतात, तेच हे चक्र. फरक इतकाच की होडी मासे देते आणि संग्रहालयातलं जहाज तिकिटं. म्हणून सुट्ट्यांचे कार्यक्रम हे फक्त करमणूक नाहीत. तोफेचा आवाज ऐकायला आलेल्या पोरांच्या तिकिटातूनच पुढच्या पावसाळ्याची डागडुजी होते.

आणि आपण?

आता ते नाव आठवा, इम्प्लॅकेबल. आपल्याकडे त्या जागी आहे विक्रांत.

आयएनएस विक्रांत, भारताची पहिली विमानवाहू नौका, १९७१ च्या युद्धातली. ३१ जानेवारी १९९७ ला सेवेतून निवृत्त झाली. २००१ पासून ती मुंबईत तरंगतं संग्रहालय होती, तुमच्यापैकी काही जण शाळेच्या सहलीला गेलेही असतील. २०१२ मध्ये ती सुरक्षित नाही म्हणून बंद केली. कायमचं संग्रहालय करायचे बेत वर्षानुवर्षं झाले, पण चालवायला कुणी पुढे येईना, राज्य सरकारनेही असमर्थता दाखवली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१४ मध्ये ६० कोटी रुपयांना विकली गेली आणि दारुखान्यात तोडली गेली. तिच्या लोखंडाचा अंश घेऊन २०१६ मध्ये बजाजची व्ही मोटरसायकल आली, लोकांनी आठवण म्हणून ती घेतली. फुद्रोयाँच्या फर्निचरची आठवण झाली ना? अगदी तसंच.

मुंबईकरांना विक्रांतबद्दल प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू शकणार नाही. बंद झाली तेव्हा लोक हळहळले, याचिका झाल्या. पण प्रेम ही एक गोष्ट आणि दर वर्षीची डागडुजी ही दुसरी. आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज हेच बघतो: नवीन फीचरला बजेट मिळतं, टाळ्या मिळतात, मेंटेनन्सला कुणी विचारत नाही, सिस्टिम पडेपर्यंत. विक्रांत हे पोलादाचं अजस्र धूड, त्रिंकोमालीपेक्षा कितीतरी पट मोठं, खर्चही त्याच पटीत. ही तुलना पूर्ण बरोबरीची नाही हे मान्य. पण मुख्य फरक आकाराचा नाही. हार्टलपूलच्या जहाजाला पुढच्या महिन्याचं काम ठरलेलं असतं. विक्रांतला नव्हतं.

जाता जाता एक गंमत. त्रिंकोमालीचे नकाशे ज्या जहाजामुळे जळाले, ते यूएसएस कॉन्स्टिट्यूशनही अजून तरंगतंय, बॉस्टनला. १७९७ चं जहाज. साधारण दर वर्षी ४ जुलैला त्याला बंदरात फेरी मारून आणतात, लोक काठावर उभे राहून टाळ्या वाजवतात. जुने दोन वैरी, अटलांटिकच्या दोन बाजूंना, दोघंही आपापल्या गावाच्या सणावारांत सामील झालेले.

मुंबईच्या त्या गोद्या अजून आहेत, नौदल अजून वापरतं, म्हणून आपल्याला सहज आत जाता येत नाही. पण पुढच्या वेळी लायन गेटजवळून जाल तेव्हा दोन गोष्टी आठवा. भिंतीपलीकडे दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी सागवानात चांदीचा खिळा ठोकला होता आणि ते सागवान अजून तरंगतंय. आणि त्याच परिसरात विक्रांतच्या धातूपासून केलेलं स्मारक आहे.

तुमच्या गावात असं काही आहे का, जुनी बोट, दीपगृह, वखार, जे लोकांनी नुसतं जपलं नाही तर वापरात ठेवलंय? कमेंटमध्ये नक्की सांगा. चांगल्या गोष्टी आल्या तर त्यांच्यावर एक वेगळा भाग करूया. भेटू पुढच्या आठवड्यात, ऐकत राहा!