मोजा, सरकी आणि वऱ्हाडी गोठा

मोजा हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्या भाषेत त्याचा मूळ अर्थ घोट्याच्या वर चढणारे चामड्याचे पादत्राण असा आहे. दरबारी लोकांच्या तोंडी तो रुळला, आणि पुढे साहेबाच्या पायातील सुती किंवा लोकरी पिशवी दृष्टीस पडली तेव्हा तिलाही आपण तेच नाव दिले. विणण्याच्या क्रियेचे तर याहून मौजेचे आहे. कोष्टी मागावर लुगडे विणतो, बुरूड टोपली विणतो, सुगरण पक्षी घरटे विणतो, आणि सूनबाई चार सुया घेऊन मोजाही विणतात. इंग्रजीत मागावरच्या कामाला एक शब्द व सुयांवरच्या कामाला दुसरा, कारण तेथे ही दोन्ही कामे शेकडो वर्षे शेजारी नांदली. आपल्या प्रांती दुसरे काम इतक्या उशिरा आले की भाषेने त्याच्यासाठी निराळा शब्द घडविण्याची तसदी घेतली नाही.

ते उशिरा का आले, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. तथापि त्याचा माग काढीत गेले म्हणजे वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या घराची गेल्या दीडशे वर्षांची हकीकत हाती लागते, व ती सुखाची नाही.

स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड नावाची बेटे आहेत. जमीन हलकी, वारा अखंड, धान्य जेमतेम. कुटुंबाजवळ भूमीचा लहानसा तुकडा, एखादी गाय आणि माळावर सोडलेली मेंढरे, एवढाच संसार. त्या मेंढरांची लोकर विलक्षण मऊ. बाया पाठीवर जळणाच्या टोपल्या घेऊन मैलोगणती चालत, आणि चालता चालता त्यांचे हात मोजे विणीत असत. जुन्या छायाचित्रांतून हे दृश्य आजही पाहावयास मिळते. मोज्याचा मोबदला व्यापारी पुष्कळदा रोख न देता चहापिठाच्या रूपाने देई, म्हणजे नाडणूक तेथेही होतीच. परंतु जनावर आणि धागा ही जोडी त्या घरात एका छपराखाली राहिली. मेंढी दारी, सूत चुलीपाशी आणि मोजा हातात. ही कला मूळची त्या थंड देशांची मात्र नव्हे. इजिप्तच्या कोरड्या वाळूत जे अतिशय जुने विणलेले मोजे सापडले आहेत, ते पांढऱ्या व निळ्या सुताचे, म्हणजे कापसाचे आहेत.

आता आपल्याकडे या. अमरावतीहून परतवाड्याकडे निघाले म्हणजे वाटेत पेढी नदीच्या काठी वलगाव लागते. भोवतालची जमीन काळी, कपाशीची. पावसाळ्यात ही माती पायाला अशी धरते की वहाणसुद्धा हातात घ्यावी लागते. तेथे मोज्याचा पाड काय? उन्हाळ्यात त्याचे नाव नको. राहता राहिली पौष-माघातील थंडी. ती झोंबते खरी, पण तिच्यासाठी वऱ्हाडी माणसाजवळ दोन उपाय होते. एक घोंगडी व दुसरी गोधडी.

घोंगडीची लोकर धनगराच्या मेंढ्यांची. दख्खनी मेंढी काळपट, काटक व कमी लोकरीची. तिची लोकर वर्षातून दोनदा कातरीत. धनगराची म्हातारी माणसे मेंढरांमागे चालतानाच टकळीवर तिचे सूत काढीत. विणलेल्या पट्टीस चिंचोक्याची खळ दिली म्हणजे ती घट्ट होई व पाऊसही बराच अडवी. हीच लोकर मोज्यास मात्र निकामी, कारण तिच्यातील राठ केस त्वचेला टोचतात. मेंढरांचा शेतकऱ्यास खरा उपयोग वेगळाच होता. धनगर आपला कळप रात्री शेतात बसवी, त्याबद्दल त्याला धान्य मिळे आणि शेताला खत. तेव्हा लोकरीचा धागा धनगराच्या पालात राहिला. तो कुणब्याच्या ओसरीवर आला नाही.

गोधडीची गोष्ट निराळी. जुन्या लुगड्याधोतरांचे तुकडे जोडून ती घरोघर शिवीत. या प्रदेशात गोधडी म्हटले की एका पुरुषाची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. गाडगेबाबांना पुष्कळ लोक गोधडेबुवा म्हणूनच ओळखीत. त्यांचा जन्म १८७६ सालचा, शेंडगावचा. बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील आजोळी गेले, व तेथे त्यांनी गुरे राखली. मामांची जमीन सावकाराच्या कर्जापायी गेली हे त्यांचे चरित्र वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. पुढे त्यांनी घाट आणि धर्मशाळा बांधविल्या, त्यांतच मूर्तिजापूरच्या गोरक्षणाचे कामही होते. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेवला तो याच वलगावानजीक, पेढीच्या पुलाजवळ. चिंध्यांचे वस्त्र आणि गुरांची काळजी या दोन गोष्टी त्यांच्यापाशी एकत्र दिसतात, त्या त्यांनी घरूनच आणल्या होत्या असे मला वाटते.

कारण वऱ्हाडी घरातही धागा आणि जनावर यांची जोडी होतीच. फक्त ती मेंढीच्या पाठीवर नव्हती, कपाशीच्या बोंडात होती. तीन शेर कापूस वेचून आणला तर त्यात एक शेर रुई व दोन शेर सरकी निघते. दोन लाटांच्या हातयंत्रात कापूस घालून घरच्या बाया रुई आणि सरकी वेगळी करीत. रुई पिंजाऱ्याकडे जाई, तिचे पेळू होत, पेळूंचे सूत होई, आणि ते गावच्या महाराच्या किंवा कोष्ट्याच्या मागावर चढे. मजुरी बहुधा धान्यात. सरकी मात्र घराबाहेर जातच नसे. थोडी बियाण्यास ठेवीत. उरलेली भिजवून गाईम्हशींपुढे व कामाच्या बैलांपुढे ठेवीत. तिने दूध दाट होई व बैल वखराला टिके. वेचणी संपल्यावर कपाशीचा पाला जनावरांनी खावा, पऱ्हाटी चुलीत जावी. एलिचपुरी म्हैस, तलवारीसारख्या लांब, मागे वळलेल्या शिंगांची, या भागातील मोठी प्रसिद्ध. तिच्या दुधातुपात सरकीचा वाटा मोठा असे. एकाच पिकाने माणसाचे अंग झाकावे आणि गुराचे पोट भरावे, अशी ही व्यवस्था होती. ती रामराज्याची होती असे नव्हे. सुताचे कष्ट बायकांचे, विणण्याचे कष्ट ज्याला गावकुसाबाहेर ठेवले त्याचे, हे विसरून चालणार नाही.

कापसाचा मोठा व्यापार त्या काळीही होता. १८४२ साली एका व्यापाऱ्याने अमरावतीहून मिर्झापूरमार्गे कलकत्त्यास एक लाख बैलांवर लादलेला कापूस रवाना केला, अशी नोंद आढळते. आकडा थोडा फुगविलेला असेल. पण बैलांचे असे तांडे त्या वाटेने जात, हे निश्चित. म्हणजे व्यापारसुद्धा जनावराच्या पाठीवरच चाले, आणि लमाण त्यावर पोसले जात.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, व वऱ्हाडाकडे साऱ्या जगाचे डोळे लागले. १८६७ साली लोहमार्ग नागपुरास पोचला. १८७० मध्ये खामगावच्या फाट्याचे उद्घाटन करण्यास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. कापसाच्या एका पेठेसाठी व्हाइसरॉयने यावे, यावरून काय ते समजावे. लमाणांचे तांडे त्या पाच-दहा वर्षांत ओसरले. कापसाच्या खात्यावर नेमलेले अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनी १८६९ च्या सुमारास आपल्या अहवालात जे लिहिले आहे, ते वाचताना आजही मन थक्क होते. त्यांचा आशय असा की, या भागात रेल्वे आली म्हणजे विलायती कापड देशी कापडाहून स्वस्त विकता येईल. मग ज्या कापसाचे येथे सूत होते तो कापूसही निर्यातीस मोकळा होईल, आणि कातणारे-विणणारे लोक शेतमजुरीस मिळतील. एवढा स्पष्ट हेतू सरकारी कागदात क्वचितच आढळतो. पुढे तसेच घडले.

या हकीकतीत माझ्या मते सर्वांत मोठा घाव वाफेवरच्या जिनांनी घातला, व त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. गिरणीच्या कापडाने चरखा बसला हे आपण शाळेत शिकतो व शिकवितो. पण जिनामुळे गव्हाण रिकामी झाली, हे कोणी शिकवीत नाही. शेतकरी आता कापूस सरकीसकट गाडीत भरून पेठेत विकू लागला. रुईच्या गाठी मुंबईस आणि १८७७ साली सुरू झालेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलला गेल्या. सरकी ढिगांत पडली आणि तेलाच्या कारखान्यांकडे व परदेशी वळली. जिनात निरनिराळ्या शेतांची सरकी एक झाली. बनी नावाचा लांब धाग्याचा नामांकित कापूस मागे पडून आखूड धाग्याची, अधिक उताऱ्याची जरी पसरली, त्याला हे मिसळलेले बियाणेही कारण झाले.

इकडे चराईच्या जमिनी नांगराखाली जात होत्या. लक्ष्मण सत्या यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या, वऱ्हाडातील कापूस व दुष्काळ यांवरील ग्रंथात या ऱ्हासाचा विचार केलेला आहे. ज्वारी कमी पेरली की कडबा कमी; सरकी गेलेली, कुरण गेलेले. अशा स्थितीत १८९९ चा पावसाळा कोरडा गेला. संवत १९५६ म्हणून लोक त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणू लागले. पाठीशी वैरण नव्हती, म्हणून गुरे आधी मेली. बैल मेल्यामुळे पुढील साली पाऊस येऊनही अनेकांची जमीन पडून राहिली.

याच दुष्काळांच्या सुमारास आपल्या मुलखात मोज्याच्या सुया शिरू लागल्या. मिशनच्या शाळांतून आणि पुढे इतर कन्याशाळांतून सुईकामाच्या तासास मुली सुलट व उलट टाके शिकू लागल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्यप्रांतातून निराधार मुली केडगावास नेल्या. तेथे शेत, दुभती जनावरे आणि हातमाग अशी सर्वांची सांगड घालून त्यांनी संस्था उभारली. जे घर दुष्काळाने मोडले होते ते त्यांनी संस्थेच्या रूपाने पुन्हा मांडले, असे म्हणता येईल. मोज्याला खरा मान आला तो १९१४ च्या महायुद्धाने. चिखलाच्या खंदकात ओल्या मोज्यांनी पाय सुजून सडत, म्हणून राणी मेरी यांनी तीन लाख मोज्यांच्या जोडांसाठी आवाहन केले, आणि साम्राज्यभर स्त्रियांच्या हाती सुया आल्या. आपल्याकडील सुशिक्षित घरांत विणकामाची आवड रुजली ती याच पिढीपासून. मोज्याची टाच वळविणे हे त्यातील कसोटीचे काम: निम्मे टाके तसेच सोडून उरलेल्यांवर मागेपुढे विणावयाचे, मग कडेचे टाके उचलून पुन्हा गोल जावयाचे. पण ही लोकर दुकानातली असे. १८७६ साली निघालेल्या कानपूरच्या गिरणीची किंवा विलायतेची. सुया घरी आल्या तेव्हा दारी ना त्या लोकरीची मेंढी होती, ना गव्हाणीत सरकी.

तुटलेली जोडी पुन्हा सांधण्याचा विचारपूर्वक यत्न झाला तो शेजारच्या वर्धा जिल्ह्यात. गांधीजी १९३६ साली शेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामी, राहावयास गेले. १९३७ च्या वर्धा परिषदेतून जी नयी तालीम निघाली तीत मुलाने वेचणीपासून कताईपर्यंतची सर्व कामे स्वतः करावयाची होती. १९४१ मध्ये जमनालाल बजाज यांनी गोसेवेस वाहून घेतले; पण १९४२ च्या फेब्रुवारीत ते वारले. सूत आणि गाय ही दोन्ही कामे एकाच अंगणात असली पाहिजेत, हे त्या मंडळींनी ओळखले होते. शाळाखात्याने मात्र तकली उचलली व गाय बाहेर ठेवली; मुले अर्धा तास सूत काढीत, ते सूत कोठे जाते हे कोणास ठाऊक नसे.

१९७२ पासून काही दशके राज्य सरकारने एकाधिकार योजनेखाली कापूस खरेदी केला, तोही सरकीसकटच. २००२ साली बीटी वाणास परवानगी मिळाली, तेव्हापासून बियाण्यापुरती सरकीही घरात राहिनाशी झाली; ती दरवर्षी पाकिटातून येते. आज वलगावच्या शेतकऱ्याचा कापूस पेठेत जातो, त्यातील सरकी घाण्यावर जाते, तेल निघाल्यावर उरलेली ढेप पोत्यांत भरली जाते, आणि ज्याच्या दारी अजून एखादी म्हैस आहे तो ते पोते दुकानातून रोखीने किंवा उधारीने विकत आणतो. त्याच बाजारात यंत्रावर विणलेले मोजेही मिळतात. ते शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी घेतात.