हाताची सवय आणि नवी गाडी: नॅस्कार, २०२२

मंडळी, आता अमेरिकेतल्या नॅस्कारकडे वळू. २०२२ साली तिथल्या कप मालिकेत ‘नेक्स्ट जेन’ गाडी आली. फोर्ड, शेवरोले, टोयोटा ही नावं वेगळी; पण सांगाडा, गिअरबॉक्स, सस्पेन्शन सगळ्या संघांनी ठरलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यायचं.

बदललं काय? चाक १५ इंचांवरून १८ इंचांवर गेलं, त्यामुळे टायरची बाजू बुटकी झाली. मागचा अखंड ॲक्सल जाऊन प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन आलं. जुनी गाडी घसरण्याआधी इशारा द्यायची. ड्रायव्हर स्टीअरिंग उलटं फिरवून तिला सावरायचा. नवी गाडी रस्ता घट्ट धरते आणि एकदम सोडते. अनुभवी लोकांची वर्षानुवर्षांची सवयच आड येऊ लागली. त्या हंगामात तब्बल १९ वेगवेगळे विजेते झाले, त्यामागे हेही एक कारण.

पण याला दुसरी बाजू आहे. मागचं टोक सुटलं की गाडी गर्रकन फिरते आणि पाठीनं भिंतीवर आदळते. तो मागचा भागच फार ताठ होता. धक्का थेट माणसापर्यंत पोहोचायचा. ड्रायव्हर तक्रार करतच होते. जुलैमध्ये पोकोनोच्या पात्रता फेरीत २००४ चा विजेता कर्ट बुश असाच आदळला. मेंदूला धक्का बसला. तो पूर्णवेळ शर्यतीत परतलाच नाही. मग २०२३ साठी मागचा सांगाडा मऊ केला गेला.

म्हणजे बघा, ड्रायव्हर गाडीशी जुळवून घेत होते. गाडीनं माणसाशी जुळवून घ्यायला मात्र एक हंगाम लागला.